फायरप्लेसभोवतीच्या फटी: कोणती बुजवायची, कोणती मोकळी ठेवायची

"गेल्या हिवाळ्यात भरली होती, यंदा पुन्हा उघडली." फायरप्लेसच्या फटींची तक्रार बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू होते. मग आणखी महागडी ट्यूब येते, फट पुन्हा लिंपली जाते, आणि दहा-बारा वेळा आग पेटवून झाली की ते लिंपण सुटून राखेत पडलेलं सापडतं.

याची कारणं दोनच असतात. एक तर भरलेला माल त्या जागेच्या उष्णतेला टिकणारा नव्हता, नाहीतर ती फट भरायचीच नव्हती. फायरप्लेसला दोन जातीच्या फटी असतात. एकीतून आग, धूर किंवा निखारा नको तिथे जातो, ती बुजवायची. दुसरी बांधणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे तापलेली वीट किंवा पत्रा लाकडाला टेकू नये. ती मोकळीच राहिली पाहिजे. टॉर्चच्या उजेडात दोन्ही सारख्याच काळ्या रेघा दिसतात, आणि घोळ तिथेच होतो.

पुढे वापरलेली नावं आधी ठरवून घेऊ. आग जळते तो विटांचा किंवा पत्र्याचा कप्पा म्हणजे फायरबॉक्स. त्याच्या तोंडावरचा आडवा लोखंडी अँगल किंवा दगड म्हणजे लिंटेल. तोंडाभोवतीचं फरशीचं, दगडाचं किंवा विटांचं आवरण तो दर्शनी भाग, त्यावरची फळी ते मँटल. खाली पुढे आलेला दगडी किंवा काँक्रीटचा भाग तो ओटा. फायरबॉक्सच्या वर धूर निमुळता होत धुराड्यात शिरतो तो धूरकक्ष, आणि त्याच्या तळाशी उघडझाप करणारी झडप तो डँपर.

लक्षणं

- दर्शनी भाग आणि फायरबॉक्स यांच्या सांध्यावर बारीक काळी रेघ. पुसली तरी चार-सहा वेळा आग पेटवल्यावर त्याच जागी परत येते.
- मँटलच्या खालच्या बाजूचा रंग पिवळा पडतो, फुगतो किंवा पॉलिश तडकतं.
- आग विझून दोन दिवस झाले तरी जळक्या लाकडाचा वास, तोही शेजारच्या किंवा वरच्या खोलीत.
- फायरबॉक्समध्ये राखेबरोबर वाळूसारखा चुरा. म्हणजे विटांच्या दरजांतला मसाला झडतो आहे.
- ओटा आणि लाकडी जमीन यांच्यामध्ये फट, आणि फळीची कड तपकिरी.
- झाडताना राख एका जागी "नाहीशी" होते. हे लक्षण दिसायला सगळ्यात साधं, पण सगळ्यात वाईट. राख जाते तिथे निखाराही जातो.
- आग नसताना सांध्यातून गार वारा.

काळ्या डागाबद्दल एक सावधगिरी. तोंडाच्या वरच्या कडेपासून पंख्यासारखा पसरत गेलेला डाग बहुधा फटीचा नसतो. डँपर अर्धा बंद असेल, धुराडं नीट ओढत नसेल किंवा घरातला एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर खेचत असेल, तर धूर तोंडातूनच बाहेर येतो. फटीचा डाग सांध्याला धरून, पेन्सिलने ओढल्यासारखा असतो. तो बोटाने पुसून पाहा. काजळी तेलकट काळी लागते. बोटावर कोरडी राखाडी धूळ आली तर तिथून फक्त गार हवा वाहते आहे, धूर नव्हे.

आधी हे पाहा: आग पेटवणं लगेच कधी थांबवायचं

भिंत हात ठेववत नाही इतकी तापते, भिंतीतून किंवा मँटलमागून धूर येतो, लाकूड काळं पडून त्यावर मगरीच्या पाठीसारखे चौकोनी तडे गेले आहेत, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला आहे, किंवा आग पेटवली की घरातल्यांचं डोकं दुखतं, मळमळतं. यातलं एक जरी असेल तर पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत. अलार्म वाजला तर सगळ्यांनी घराबाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला फोन करायचा, फट शोधत बसायचं नाही. धुराड्यातून घोंघावणारा आवाज येऊ लागला असेल तर आत आग लागलेली असू शकते, तेव्हाही हेच.

लाकूड काळं पडणं इतकं गंभीर का? कोरडं लाकूड साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला पेटतं, म्हणून 100-120 अंशांची ऊब निरुपद्रवी वाटते. पण तीच ऊब वर्षानुवर्षं लागत राहिली की लाकूड आतून हळूहळू कोळशासारखं होतं, आणि असं लाकूड पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. "वीस वर्षं काही झालं नाही" हा युक्तिवाद इथे उलटा लागू पडतो.

तपासणी 1: थांबा, आणि राख काढा

शेवटच्या आगीनंतर निदान 24 तास, राखेचा थर जाड असेल तर 48 तास थांबा. राखेखाली दबलेला निखारा तीन-चार दिवसही जिवंत राहू शकतो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर, लाकडी जमिनीपासून दूर ठेवा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर राखेला लावू नका. बारीक राख फिल्टरमधून निसटते, आणि निखारा आत गेला तर पिशवी पेटते.

तपासणी 2: फायरप्लेस कोणत्या जातीचं?

याला खर्च शून्य, आणि पुढचं सगळं यावर ठरतं. विटा-दगडाचं बांधीव फायरप्लेस असेल तर आतल्या विटा खऱ्या असतात, ठोकल्यावर भरीव आवाज येतो. कारखान्यात बनवलेला पत्र्याचा डबा असेल तर आत विटांची नक्षी असलेल्या पातळ अग्निरोधक फरश्या दिसतात, तोंडाभोवती काळी लोखंडी चौकट असते आणि वर-खाली जाळीच्या झडपा असतात. खालच्या जाळीमागे किंवा तोंडाच्या आतल्या कडेला धातूची पाटी सापडते. तिचा फोटो काढून ठेवा; मॉडेल क्रमांकावरून मॅन्युअल मिळतं.

पत्र्याच्या डब्याला झडपांमधून थंड हवा खेळती लागते. ती डब्याच्या दोन कवचांमधून फिरते आणि बाहेरचं कवच गार ठेवते. "इथून गार वारा येतो" म्हणून या झडपा टेपने, फरशीने किंवा सीलंटने बंद केलेल्या जागोजागी दिसतात. तेव्हा गार वारा थांबतो खरा, पण मागच्या लाकडी चौकटीचं संरक्षणही थांबतं. डब्याच्या माथ्यावर आणि बाजूंना पत्र्याचे छोटे उभे टेकू असतात. तेही अंतर राखण्यासाठीच असतात. वाकवायचे नाहीत, आणि त्यांच्या मधली पोकळी कशानेही भरायची नाही.

बांधीव फायरप्लेसलाही असंच अंतर लागतं. अमेरिकेतल्या निवासी इमारतींच्या नियमावलीत लाकडी चौकट आणि विटकाम यांच्यात पुढून व बाजूंनी 2 इंच (सुमारे 50 मिमी) आणि मागून 4 इंच (सुमारे 100 मिमी) हवेची पोकळी सांगितली आहे. ही पोकळी भरायची नाही. मजल्याच्या पातळीला आग वर चढू नये म्हणून जो न जळणारा आडवा थर घालतात, तेवढाच अपवाद. ब्रिटनमध्ये धुराड्याच्या विटकामाच्या बाहेरच्या पृष्ठापासून जळाऊ वस्तू 40 मिमी दूर ठेवतात. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, पण तत्त्व तेच आहे. डब्याच्या बाबतीत मात्र उत्पादकाचं मॅन्युअल सांगतं ते अंतर पाळायचं.

गॅसवर चालणारं फायरप्लेस असेल तर इथेच थांबा. त्याच्या काचेची गॅस्केट, हवेच्या नळ्या आणि बर्नर यांचं गणित एकत्र बसवलेलं असतं. ते काम परवानाधारक गॅस तंत्रज्ञाचं.

तपासणी 3: टॉर्च, तार आणि हॅकसॉचं पातं

टॉर्च फटीच्या समोर धरू नका, भिंतीला चिकटवून तिरपा धरा. सपाट दिसणाऱ्या सांध्यातली फट सावलीमुळे उठून दिसते. सांध्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हॅकसॉचं पातं लावत जा. ते जाडीला अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त असतं. जिथे ते नुसतं कडेला अडतं तो केसासारखा तडा. जिथे आत सरकतं तिथे खडूने खूण करा.

खुणेच्या जागी साधारण 1 मिमी जाडीची तार घालून खोली मोजा. तार 15-20 मिमीवर टणक टेकली तर फट वरवरची आहे. 100 मिमी जाऊनही कशालाच टेकली नाही तर मागे पोकळी आहे. तारेचं टोक बाहेर काढून पांढऱ्या कागदावर पुसा. काजळी आली तर धूर त्या वाटेने जातो आहे. लाकडाचा तपकिरी-काळा भुसा आला, किंवा टेकताना मऊ लागलं, तर मागे लाकूड आहे. अशी फट बाहेरून लिंपून प्रश्न सुटत नाही, फक्त दिसेनासा होतो.

एक गोष्ट मात्र खरवडायची नाही. जुन्या फायरप्लेसभोवती करडी-पांढरी तंतुमय दोरी किंवा कागदी पुठ्ठ्यासारखा बोर्ड आढळला तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तार घालू नका, झाडू नका. नमुना तपासून घ्यायचं काम प्रशिक्षित माणसाला द्या.

तपासणी 4: उदबत्तीचा धूर

फायरप्लेस थंड, डँपर उघडा, खिडक्या बंद, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट चालू. उदबत्ती सांध्यापासून दोन बोटं लांब धरून सावकाश फिरवा. धूर फटीत ओढला गेला किंवा बाहेर फेकला गेला, तर ती फट आरपार आहे. मग एक्झॉस्ट बंद करून पुन्हा पाहा. पंखा बंद केल्यावर धूर सरळ वर जाऊ लागला, तर निम्मा दोष घरातल्या हवेच्या दाबाचा आहे. आग पेटवताना पंखा बंद ठेवणं आणि एखादी खिडकी किंचित उघडणं हा पहिला आणि फुकटचा उपाय.

तपासणी 5: टेप घेऊन जळाऊ वस्तूंचं अंतर मोजा

फट अरुंद असली तरी शेजारी लाकूड किती जवळ आहे यावर तिचा धोका ठरतो. वर सांगितलेल्या अमेरिकी नियमावलीनुसार बांधीव फायरप्लेसच्या तोंडापासून 6 इंचांच्या (सुमारे 150 मिमी) आत लाकूड नको. 12 इंचांच्या (सुमारे 300 मिमी) आत असलेलं लाकूड तोंडापासूनच्या अंतराच्या एक अष्टमांशाहून जास्त पुढे आलेलं नको. म्हणजे तोंडाच्या कडेपासून 240 मिमी वर बसवलेली लाकडी पट्टी भिंतीपासून जास्तीत जास्त 30 मिमी पुढे येऊ शकते. त्या जागी 150 मिमी रुंद मँटल असेल तर ते सरकवायला हवं, फट कितीही सुबक भरलेली असो.

ओट्याचंही तसंच. त्याच नियमांत तोंड 6 चौरस फुटांपेक्षा (सुमारे 0.56 चौरस मीटर) लहान असेल तर ओटा पुढे 16 इंच (सुमारे 400 मिमी) आणि दोन्ही बाजूंना 8 इंच (सुमारे 200 मिमी) हवा. तोंड 6 चौरस फूट किंवा मोठं असेल तर पुढे 20 इंच आणि बाजूंना 12 इंच. ब्रिटिश मार्गदर्शिकेत बांधीव ओटा किमान 125 मिमी जाडीचा, तोंडाच्या पुढे 500 मिमी आणि बाजूंना 150 मिमी सांगितला आहे. मोजताना वर घातलेली सजावटीची फरशी धरू नका; खाली भरीव काँक्रीट किंवा दगड कुठपर्यंत आहे ते महत्त्वाचं. फरशी ठोकून पाहा, आवाज बदलतो तिथे ओटा संपतो.

तपासणी 6: तापमान

ही फक्त आधीच्या तपासण्यांत लाकूड किंवा पोकळी सापडली नसेल तरच. छोटी आग तासभर चालवा. इन्फ्रारेड थर्मामीटरने मँटलची खालची बाजू, तोंडाच्या दोन्ही बाजूंची भिंत आणि ओट्याला लागून असलेल्या फळ्या मोजा. खोलीच्या तापमानापेक्षा 50 अंशांहून जास्त चढ लाकडावर दिसला तर आग विझू द्या आणि पुढची आग पेटवू नका. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर खोटं, बहुधा कमी, तापमान दाखवतो. तिथे काळ्या मॅट रंगाचा उष्णतारोधक ठिपका देऊन त्यावर मोजा. आग विझल्यानंतरही तासभर मोजत राहा. विटकाम जाड असेल तर उष्णता मागच्या बाजूला उशिरा पोहोचते, आणि सर्वांत मोठा आकडा बरेचदा सगळे झोपायला गेल्यावर येतो.

कशाने भरायचं, आणि नेहमीचा माल का पडतो

साधा सिमेंटचा मसाला फायरबॉक्सच्या आत टिकत नाही. निखाऱ्यांजवळ तापमान सहज 600 अंशांच्या वर जातं. 400-500 अंशांच्या दरम्यान सिमेंटमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड फुटतं, गार झाल्यावर हवेतला ओलावा घेऊन पुन्हा फुगतं, आणि दर खेपेला मसाला थोडा आणखी भुगा होतो. राखेतली वाळू ती हीच. प्लास्टर ऑफ पॅरिस तर 100 अंशांच्या थोडं पुढे गेलं की आतलं पाणी सोडून देतं आणि पिठासारखं होतं. साधं सिलिकॉन दर्शनी भागाच्या गार कडेपलीकडे कुठेच नको.

फुगणारा फोम हा सगळ्यात धोक्याचा. केशरी किंवा गुलाबी रंगाच्या, "आगरोधक" म्हणून विकल्या जाणाऱ्या फोमचा अर्थ लोक चुकीचा लावतात. तो भिंतीतल्या पाइप-वायरच्या भोकांतून आग लवकर पसरू नये म्हणून असतो. सतत सोसण्याची त्याची मर्यादा साधारण 115 अंशांची असते, आणि तो स्वतः जळतो. फायरप्लेसभोवती तो सापडला तर कापून काढणं हेच पहिलं काम.

फायरबॉक्सच्या विटांसाठी अग्निरोधक मसाला, म्हणजे रिफ्रॅक्टरी मॉर्टर. तो दोन प्रकारचा मिळतो. कोरडी पावडर पाण्यात कालवायची ती कॅल्शियम ॲल्युमिनेटची; ती पाण्यानेच घट्ट होते आणि नंतर ओलावा आला तरी विरघळत नाही. डब्यात तयार मिळतो तो बहुधा सोडियम सिलिकेटचा. तो वाळतो, पण खरा पक्का होतो तापवल्यावर. पावसाळ्याआधी किंवा उन्हाळ्यात हा तयार माल भरून फायरप्लेस तसंच बंद ठेवलं, तर दमट हवेने तो पुन्हा मऊ पडतो आणि पहिल्या आगीला गळतो. "चांगला माल आणूनही टिकला नाही" या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

धातू आणि वीट यांच्या सांध्याला कडक माल चालतच नाही. 1.2 मीटरचा लोखंडी लिंटेल 200 अंशांनी तापला की जवळजवळ 3 मिमी लांबतो. तेवढीच वीट तेवढीच तापली तर निम्म्याइतकी लांबते. म्हणजे सांधा दर आगीला दीडेक मिलिमीटर सरकतो. बहुतेक सीलंट आपल्या रुंदीच्या पाव हिश्शाएवढंच ताण सोसतं. 6 मिमी रुंद सांध्यात दीड मिमी चालून जातं, 2 मिमीच्या फटीत तेच सीलंट फाटतं. म्हणून तिथे दोरी लागते.

दर्शनी सांधा: सगळ्यात सोपं काम

पत्र्याच्या चौकटीचा आणि दगडाचा सांधा असेल तर फटीच्या सव्वा ते दीडपट जाडीची विणलेली दोरी घ्या. काचतंतूंची दोरी साधारण 500 अंशांपर्यंत चालते, त्याच्या वर सिरॅमिक तंतूंची. 8 मिमीच्या फटीला 10 किंवा 12 मिमीची दोरी. जुना माल लाकडी पट्टीने काढा, धूळ ओढून घ्या आणि दोरी बोथट पट्टीने दाबून कडेपासून 6 मिमी आत बसवा. स्क्रूड्रायव्हरचं टोक दोरीचे धागे तोडतं. बाहेरून झाकायचं असेल तर वरून उच्च तापमानाचं सिलिकॉन, तेही ट्यूबवर लिहिलेल्या मर्यादेत (बहुधा 260 ते 315 अंश) आणि फक्त खोलीच्या बाजूने. दोरीमुळे सिलिकॉन दोनच कडांना चिकटतं आणि मागे मोकळं राहतं, म्हणून ताणलं जाऊ शकतं. सिरॅमिक तंतू कापताना धूळरोधक मास्क, हातमोजे आणि ओला कपडा हवाच. ते तंतू फुप्फुसात जाऊ द्यायचे नाहीत.

भरण्याआधी तोंडाच्या कोपऱ्यांकडे पाहा. लिंटेलच्या टोकापासून तिरका वर जाणारा तडा असेल, तर लिंटेल विटांत घट्ट चिणलेला आहे आणि तापल्यावर लांबायला जागा न मिळाल्याने भिंत ढकलतो आहे. तो तडा कितीही वेळा भरा, पुन्हा येणार. लिंटेलच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळीक करून घेणं हा उपाय, आणि ते गवंड्याचं काम आहे.

ओटा आणि लाकडी जमीन

इथे धूर जात नाही, निखारा पडतो. म्हणून हवाबंद करण्यापेक्षा निखाऱ्याला खाली जाता येऊ नये याकडे लक्ष द्या. 10 मिमीपर्यंतची फट दगडी लोकर किंवा काचतंतूंच्या दोरीने घट्ट भरून वर धातूची पट्टी लावा. पट्टी फक्त लाकडाच्या बाजूला स्क्रूने धरा, ओट्याच्या बाजूला नुसती टेकू द्या, म्हणजे लाकूड आकसलं-फुगलं तरी ती उचकटत नाही.

डब्याच्या फायरप्लेसमध्ये डब्याची पुढची कड आणि ओटा यांच्या सांध्याखाली पत्र्याच्या संरक्षक पट्ट्या असाव्या लागतात: अर्धी रुंदी डब्याखाली, अर्धी ओट्याखाली, आणि दोन पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या. बसवताना हे विसरलं जातं. तार सांध्यातून सरळ खाली जाऊन लाकडाला टेकली तर पट्टी नाही. ती नंतर बाहेरून सरकवता येत नाही. ओट्याची पुढची फरशी उचलावी लागते.

जुन्या घरांत आणखी एक भानगड असते. ओट्याचं काँक्रीट ओतताना खाली लावलेल्या फळ्या काढायच्या राहून जातात. वरून ओटा भक्कम, खाली वाळलेलं लाकूड, आणि मधल्या फटीतून राख नाहीशी होते. तळघरातून किंवा जमिनीखालच्या पोकळीतून वर पाहिलं तर फळ्या स्पष्ट दिसतात. त्या काढण्याआधी काँक्रीटला स्वतःचा आधार आहे का हे जाणकाराने पाहायला हवं.

ओटा फायरबॉक्सपासून सुटून पुढे किंवा खाली गेला असेल तर भरण्याची घाई करू नका. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा, अंतर आणि तारीख तिथेच लिहा, दर पंधरा दिवसांनी मोजा. तीन महिन्यांत 1 मिमी जरी वाढ दिसली तरी पाया खचतो आहे असं समजा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तोपर्यंत आग नाही.

फायरबॉक्सच्या दरजा

सुटलेला मसाला छन्नीने दरजेच्या रुंदीच्या दुप्पट तरी, म्हणजे 12 ते 20 मिमी खोल काढा. खाच तळाशी चौकोनी हवी. व्ही आकाराच्या खाचेत मसाल्याला पकड मिळत नाही, तो पाचरीसारखा बाहेर येतो. हातोडी हलकी चालवा. वीट हलली तर ती काढूनच पुन्हा बसवायची. तारेच्या ब्रशने काजळी पूर्ण काढा, कारण काजळीवर काहीच चिकटत नाही. मास्क लावा, विटेच्या धुळीत सिलिका असते.

मग दरज ओली करा, पण पाणी साचू देऊ नका. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि मसाला पक्का होण्याआधीच भुसभुशीत होतो. मसाला दोन थरांत दाबून भरा. 6 मिमी रुंद, 20 मिमी खोल अशा 10 मीटर दरजांना सव्वा लिटर, म्हणजे वजनाने अडीच किलोच्या आसपास मसाला लागतो. वाया जाणारा धरून 3 किलो आणा. फट 10 मिमीहून रुंद असेल तर नुसता मसाला कोंबू नका. अग्निरोधक विटेचा पातळ तुकडा कापून बसवा आणि दोन्ही बाजूंना 3-4 मिमी दरज ठेवा. जाड मसाला आकसतो आणि मधोमध तडकतो.

वाळवणं मसाल्याच्या डब्यावर लिहिल्याप्रमाणे. एरवी निदान 24 तास, दमट हवेत 48. त्यानंतर पहिल्या दिवशी नुसत्या काड्यांची 15-20 मिनिटांची आग, दुसऱ्या दिवशी अर्धा तास, तिसऱ्या दिवशी तासभर, मग नेहमीची. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि दरजेवर फोड येऊन पापुद्रे उडतात.

डब्यातल्या अग्निरोधक फरश्यांना केसासारखे तडे चालतात. पातं आरपार गेलं, तुकडा पडला किंवा मागचा पत्रा दिसला तर फरशी बदला, त्याच मॉडेलची. मागचा पत्राच वाकला, गंजून भोक पडलं किंवा त्याचा सांधा उघडला असेल तर दुरुस्ती नाही, डबा बदलायचा.

लिंटेलच्या मागची फट

ही बाहेरून दिसत नाही, म्हणून राहून जाते. फायरबॉक्समध्ये आरसा आणि टॉर्च घेऊन तोंडाच्या वरच्या कडेची मागची बाजू पाहा. दर्शनी विटा आणि धूरकक्षाची पुढची भिंत यांच्यामध्ये मोकळी चीर असेल, तर धूर धुराड्याऐवजी दर्शनी भागाच्या मागच्या पोकळीत चढतो. मँटलच्या वर, तोंडापासून फूटभर उंचीवर उगवणारे काळे डाग बहुतेक याचेच. चीर 20 मिमीपर्यंत असेल आणि तारेला मागे टणक वीट लागत असेल, तर आधी सिरॅमिक दोरी दाबून तिच्यावर अग्निरोधक मसाल्याचा 15-20 मिमी थर द्या. तार आत हरवली, तर पुढचं काम घरी करायचं नाही.

इथे हात थांबवा

तार लाकडाला टेकते, पोकळीचा शेवट लागत नाही, तडा विटांच्या दोन-तीन थरांतून जिन्यासारखा वर गेला आहे, धूरकक्षाचा गिलावा सुटला आहे, धुराड्याच्या आतल्या नळाचे तुकडे राखेत पडतात, धुराड्यात एकदा आग लागून गेली आहे, किंवा नीट भरलेली फट एकाच हंगामात पुन्हा उघडली. यांपैकी काहीही असेल तर प्रमाणित चिमणी तंत्रज्ञ बोलवा, आणि त्याने कॅमेरा धुराड्यात उतरवून पाहावं असं आधीच सांगा. अमेरिकेत या तपासणीचे तीन स्तर आहेत. पहिल्या स्तरात उघड्या डोळ्यांनी दिसतं तेवढंच पाहतात, दुसऱ्यात कॅमेरा आणि पोटमाळा-तळघराची पाहणी येते, तिसऱ्यात भिंतीचा काही भाग उघडावा लागतो. वरच्या तक्रारींना पहिला स्तर पुरत नाही.

त्याला द्यायला चार गोष्टी तयार ठेवा: पाटीचा फोटो, खडूने खुणा केलेल्या सांध्यांचे फोटो, प्रत्येक खुणेची रुंदी आणि खोली, आणि याआधी कोणता माल केव्हा भरला ते. फोम वापरला असेल तर तेही लपवू नका; तो काढल्याशिवाय मागची पोकळी कॅमेऱ्यालाही दिसत नाही.